गूळ पाझरू नये म्हणून: रसातली साखर फुटण्याचा वेग कसा आवरायचा

निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागात गूळ पावसाळ्यात पाझरू लागला की बोल साठवणीला लावला जातो. बिघाड बहुतेक वेळा गुऱ्हाळातच झालेला असतो. उसातलं सुक्रोज, म्हणजे आपली साखर, पाण्याच्या क्रियेने ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतं, आणि फ्रुक्टोज हवेतली ओल ओढतं. ही क्रिया पूर्ण थांबत नाही, पण तिचा वेग आवरता येतो. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग विल्हेल्मी यांनी 1850 मध्ये तिचा वेग मोजला आणि रासायनिक क्रियांचे वेग मोजण्याचं शास्त्र तिथून सुरू झालं.

सगळ्यात मोठा हात आंबटपणाचा. आम्ल इथे उत्प्रेरक असतं: सामू (pH, आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) 1 ने उतरला की साखर दहापट वेगाने फुटते. ताज्या रसाचा सामू साधारण 5.2 ते 5.5 असतो. रस कोमट असतानाच चुन्याची निवळी थोडी थोडी घालून ढवळा, दर वेळी सामूची पट्टी बुडवून बघा आणि 6.2 ते 6.4 ला थांबा. अंदाजाने तांब्याभर ओतू नका. सामू 7 च्या वर गेला की ग्लुकोज-फ्रुक्टोज करपल्यासारखी काळी पडतात आणि गूळ काळपट होतो. घाण्याखालची टाकी रोज गरम पाण्याने धुवा. तिथे शिळा रस आंबला तर नव्या रसातही आम्ल वाढतं.

तोडलेल्या उसात त्याचंच विकर (एन्झाइम) साखर फोडतच असतं, आणि ऊन लागलं की जास्तच. ऊस सावलीत ठेवा, 24 तासांच्या आत गाळा. जळका ऊस त्याहून लवकर.

आता उष्णता. 90 वरून 100 अंशांवर गेलं की हा वेग अंदाजे अडीचपट होतो, आणि पाक तर त्याच्याही वर जातो. म्हणून चुलवणाला (भट्टीला) वाळलेलं चिपाडच, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथाच, घाला. ओलं चिपाड धुमसतं, आटायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ साखर तापत राहते. मळी वर येईल तशी लगेच काढा. पाक दाटला की मात्र जाळ कमी करा, नाहीतर काहिलीच्या (रस आटवायच्या मोठ्या कढईच्या) बुडाला लागतो.

पाक कधी उतरवायचा? पुस्तकातले 118 अंश समुद्रसपाटीचे. बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर आहे. तिथे पाणीच साधारण 97.5 अंशांना उकळतं. त्यामुळे आधी तापमापी उकळत्या पाण्यात धरा, येईल त्या आकड्यात 18 मिळवा. बेळगावात हे 115 ते 116 भरेल. 118 ची वाट बघितली तर गूळ कडक आणि काळा होतो. थेंब गार पाण्यात टाकून घट्ट गोळी वळते का, तेही पाहा.

उतरवलेला पाक काहिलीत ठेवू नका. लगेच वाफ्यात (पाक निववायच्या उथळ जागेत) पसरवून ढवळा: थर पातळ असला की लवकर निवतो, आणि निवेल तसा साखर फुटण्याचा वेगही उतरतो.