सुपरहिरो कॉमिकचा पहिला अंक: नवख्या वाचकाला आत कसं घ्यायचं

आमच्या कॉमिकचं पहिलं पान असं होतं: वर काळं आभाळ, खाली मुंबई, आणि मधे सात ओळींचा मजकूर ज्यात एक प्राचीन मंदिर, तीन घराणी, एक शाप आणि बाराशे वर्षं. मित्र आणि मी दोघंही त्यावर जाम खुश. मग एकदा दादरहून ठाण्याला जाताना ती पानं अकरा वर्षांच्या भाचीच्या हातात दिली, तर कुर्ला यायच्या आत तिने पानं मांडीवर पालथी टाकली आणि खिडकीबाहेर बघत बसली. म्हणाली, "मावशी, याच्या आधीचा भाग कुठेय?" आता काय सांगणार, पहिला अंक तोच होता.

तेव्हा कळलं की दोन-चार गोष्टी माहीत नसल्या तरी वाचक चालवून घेतो, पण चुकून दुसऱ्याच लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यासारखं वाटलं की गुपचूप निघून जातो. तर पहिला अंक करत असाल तर या क्रमाने करून बघा.

१. आधी साधा दिवस लिहा

शक्ती, ड्रेस, व्हिलन सगळं नंतर. आपल्या हिरोला मंगळवारी सकाळी काय हवंय आणि ते का मिळत नाहीये, हे तीन ओळींत लिहा. २०१४ च्या 'मिस मार्व्हल' कॉमिकमध्ये कमला खान ही जर्सी सिटीतली पाकिस्तानी-अमेरिकन मुलगी पहिल्यांदा दिसते ती दुकानात बेकनचा, म्हणजे डुकराच्या मांसाचा, वास घेताना, जे तिला धर्मामुळे खाता येत नाही. बस, एवढंच. शक्ती येते ती अंकाच्या शेवटाकडे, तोवर आपण तिच्या पार्टीत सामील झालेलो असतो. आपल्याकडची मुलगी चतुर्थीच्या उपासाला वडापावच्या गाडीसमोर उभी करा, वाचकाला वेगळं काही समजवावं लागणार नाही.

२. पहिल्या पानावर माणूस दिसू दे

शहर नको, आकाश नको. १९६२ च्या ऑगस्टच्या 'अमेझिंग फॅन्टसी'च्या १५ व्या अंकात स्पायडरमॅन पहिल्यांदा आला, त्याचं पहिलं पान बघा: एका बाजूला टिंगल करणारी कॉलेजछाप पोरं, दुसरीकडे एकटा पीटर, आणि त्याच्यामागे भिंतीवर कोळ्याची सावली. पोरगा कोण, दुखणं काय आणि पुढे काय होणार, तिन्ही कळलं. ती अख्खी गोष्ट अकरा पानांत संपते, काकाच्या मृत्यूसकट. आपण वीस पानं हातात असून रडतो की जागा पुरत नाही.

३. जन्मकथा किती सांगायची ते ठरवा

जन्मकथा म्हणजे हिरो हिरो कसा झाला ती गोष्ट. इथेच सगळे घसरतात, आम्ही पण. एक रस्ता वरचा, स्पायडरमॅनचा, म्हणजे जन्मकथा हीच गोष्ट. दुसरा रस्ता बॅटमॅनचा: मे १९३९ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकात तो सरळ एक केस सोडवतो, तो ब्रूस वेन आहे हे शेवटच्या चौकटीत कळतं, आणि आईवडिलांच्या खुनाची गोष्ट येते थेट ३३ व्या अंकात, नोव्हेंबरमध्ये. कुणाचं काही अडलं नाही. तिसरा रस्ता जुन्या हिरोसाठी. २००५ मध्ये 'ऑल-स्टार सुपरमॅन'ने अख्खा जन्म पहिल्याच पानावर चार चौकटी आणि आठ शब्दांत उरकला, कारण तो सगळ्यांना माहीत होता.

आणि इंद्रजाल कॉमिक्स वाचलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. वेताळाचा, म्हणजे फँटमचा, कुठला अंक हाती लागेल याचा भरवसा नसायचा, पण कवटीची शपथ, पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं काम, लोकांना तो अमर वाटतो ही भानगड, हे बहुतेक वेळा दोन-तीन चौकटींत सांगून मोकळे व्हायचे. रद्दीवाल्याकडून मधलाच अंक आणलेलं पोरगं सुद्धा आरामात वाचायचं.

आमचा शाप आम्ही तिसऱ्या अंकात ढकलला. पहिल्यात फक्त आमच्या नायिकेच्या हातावरची खूण दिसते आणि आई ती पदराने झाकते.

४. नावं

मार्व्हलचा लेखक स्टॅन ली पीटर पार्कर (स्पायडरमॅन), ब्रूस बॅनर (हल्क) अशी एकाच अक्षराने सुरू होणारी नाव-आडनावं ठेवायचा, त्याच्या मते तशी लक्षात राहायला सोपी, आणि तरी पठ्ठ्याने एकदा बॅनरला बॉब लिहिलंच, मग सारवासारव म्हणून त्याचं पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर झालं. पण हा खेळ एकाच माणसाच्या नाव-आडनावापुरता. आमच्या अंकात विद्या, विदुला आणि वैदेही होत्या. भाचीला तिघी एकच वाटल्या.

दुसऱ्या पानाच्या आत कुणीतरी हिरोला नावाने हाक मारू दे. आणि पहिल्या अंकात लक्षात ठेवायची माणसं चार, फार तर पाच, बाकीचे चहावाले काका आणि टीसी म्हणूनच राहू देत.

५. संवादाच्या फुग्यातला मजकूर

अमेरिकेत जुना ठोकताळा आहे: पानावर सहा चौकटी आणि चौकटीत जास्तीत जास्त ३५ शब्द. मराठीत मी २० वर थांबते, कारण आपले शब्द प्रत्यय लागून लांबतात, शिवाय वर रफार-वेलांटी आणि खाली उकार असल्यामुळे ओळींत जास्त अंतर सोडावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो आणि पान गिचमिड दिसतं. इंग्रजीसारखी कॅपिटल अक्षरं आपल्याकडे नाहीत, ओरडणं दाखवायला ठळक टाइप आणि फुग्याची काटेरी कड वापरा.

६. शेवट

एक छोटी गोष्ट याच अंकात संपवा. चोर पकडला जाऊ दे, हरवलेला डबा मिळू दे. मग एक दार उघडं ठेवा, एकच. सगळंच 'पुढील अंकी' ठेवलं तर पैसे वाया गेल्यासारखं वाटतं.

७. लोकल टेस्ट

कॉमिक न वाचणाऱ्या माणसाला द्या आणि तोंड बंद ठेवा. ही सगळ्यात अवघड पायरी, कारण "अरे ते पुढे कळेल" असं आपसूक तोंडातून निघतं. तो कुठे पान मागे उलटतो तिथे पेन्सिलने फुली मारा. शेवटी तीनच प्रश्न: हिचं नाव काय, तिला काय हवंय, पुढे काय होईल असं वाटतं?

दुसऱ्या खेपेला भाचीला दिला तेव्हा फुल्या दोनच पडल्या. मुलुंड गेलं तरी ती वाचतच होती, मग म्हणाली, "पण आई तो हात का झाकते?" मी काही बोलले नाही.