गोव्यात मसाजची प्रॅक्टिस: पावसातही गिऱ्हाईक यावं म्हणून

ऑक्टोबर ते मार्च कळंगुट, मोरजी, पाळोळ्याच्या बाजूला काम मिळतंच. कस लागतो तो जूनपासून. म्हणून सिझनला पर्यटकांकडून कमवा, पण प्रॅक्टिस उभी करा ती म्हापसा, पणजी, फोंडा, मडगावच्या लोकांवर. पर्यटक सहसा एकदाच येतो. दिवसभर काउंटरवर बसून मान आखडलेली बँकेतली बाई दर महिन्याला येईल.

आधी हातांचा हिशेब. तासाभराच्या मसाजमागे चादर बदलणं, हात धुणं, दुखणं विचारून घेणं यात आणखी वीस-पंचवीस मिनिटं जातात. एकट्याने दिवसाला चार, फार तर पाच मसाज नीट होतात. त्यावर गेलात की अंगठ्याचं मूळ दुखायला लागतं. म्हणजे जास्त माणसं ओढण्यापेक्षा रिकामे वार भरणं आणि दर सुधारणं महत्त्वाचं.

गेस्टहाउसला कमिशन कबूल करण्याआधी कागदावर मांडा. समजा दर १८०० रुपये, कमिशन ३० टक्के: ५४० गेले. तेल, टॉवेल, धुलाई १५०, पेट्रोल १००. हातात १०१०. म्हापशाहून जाण्यायेण्यात दीड तास गेला, तर प्रवास आणि मसाज मिळून जेवढा वेळ लागतो जवळपास तेवढ्यातच आपल्या खोलीवर हजार-हजाराचे दोन मसाज झाले असते. दूरचं काम घ्यायचंच तर एका ठिकाणी लागोपाठ दोन असतील तेव्हाच. आणि किनाऱ्यावर फिरून गिऱ्हाईक ओढण्याच्या फंदात पडू नका, गोव्यात ते कायद्याने बंद आहे. पंचायतीचा किंवा पालिकेचा परवाना, आरोग्य खात्याच्या अटी हे सगळं जाहिरातीआधी उरकून घ्या.

गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. पाटीवर आहे तेच नाव तिथे लिहा. नावात ‘बेस्ट मसाज गोवा’ घुसडलं तर प्रोफाइल बंद पडू शकतं. घरी जाऊन काम करत असाल तर पत्ता लपवून फक्त सेवेचा परिसर दाखवता येतो. फोटो टेबलाचा, स्वच्छ चादरींचा, दराच्या पाटीचा. मॉडेलची उघडी पाठ लावलीत की रात्री अकराला नको ते फोन सुरू. ‘फुल बॉडी’ऐवजी ‘मान, खांदे, कंबर: ४५ मिनिटं’ असं लिहिलं की बरेच फोन आपोआप गळतात. रिव्ह्यू जरूर मागा, पण त्याबदल्यात सूट देऊ नका. गूगलला ते चालत नाही.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ जणांची, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. बरेच जण इथेच फसतात. गिऱ्हाईक समोर असतानाच नंबर सेव्ह करायला सांगा. जाहिरातीपेक्षा दुसऱ्या दिवशीचा निरोप जास्त काम करतो: ‘नमस्कार ताई, काल खांद्यावर जोर दिला होता. आज थोडं ठणकेल, उद्यापर्यंत कमी व्हावं. नाही झालं तर फोन करा.’ पुढची तारीख मात्र निघण्याआधीच तोंडावर विचारावी: ‘तीन आठवड्यांनी, बुधवारी हीच वेळ ठेवू?’ ‘परत या हं’ म्हटल्याने वही भरत नाही.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यात, घरोघरी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात त्याच दिवसांत करा. बाळ-बाळंतिणीचं मालिश हे बाराही महिने चालणारं काम आहे, आणि एक घर नीट सांभाळलं की नणंद-जावा आपणहून विचारतात. सिझेरियन असेल तर डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत पोटाला हात लावायचा नाही. टॅक्सीवाल्यांची कंबर आणि हॉटेलच्या किचनमध्ये दिवसभर उभं राहणाऱ्यांच्या पोटऱ्या सिझन संपला की दाखवायला सवड मिळते. त्यांना दुपारचा स्वस्त दर द्या.

डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट पत्रक बघून पेशंट पाठवत नाहीत. एकाच पायाची पोटरी सुजून गरम झालेली दिसली तर मसाज न करता, रक्ताची गुठळी असू शकते म्हणून लगेच डॉक्टरांकडे धाडा. असे दोन-तीन गेले की ते तुमचं नाव सांगू लागतात. ‘सांधेदुखी कायमची बरी’ असलं पाटीवर लिहिलंत तर तो दरवाजा बंद.

पॅकेज पाचांचं ठेवा, मुदत तीन महिने. दहाचं विकलं की मे महिन्यात पैसे संपलेले असतात आणि जुलैत फुकट राबावं लागतं. आगाऊ आलेली रक्कम वेगळ्या खात्यात टाका, मसाज झाला की तेवढीच काढा.