हिवाळी बॅच भरण्याआधी : जोडीने येणाऱ्या जिवाणू आजारांसाठी शेडची तयारी

दिवाळी सरली की खानदेशात नवापूरपासून रावेरपर्यंत कोंबडीच्या पिलांची हिवाळी बॅच भरण्याची लगबग सुरू होते, आणि थंडी पुरती स्थिरावली की पशुवैद्यकाकडे तीच तक्रार येऊ लागते : पिलांना घरघर लागली, औषध दिले, दोन दिवस बरे वाटले आणि मरतूक पुन्हा वाढली. मेलेला पक्षी उघडला की हृदयावर आणि यकृतावर पिवळट-पांढरा पापुद्रा दिसतो, हवेच्या पिशव्या गढूळ झालेल्या असतात आणि नोंदवहीत ‘ई-कोलाय’ असे लिहिले जाते. हे निदान खोटे नसले तरी अपुरे असते, कारण ई-कोलाय हा जिवाणू धडधाकट कोंबडीच्या आतड्यातही राहतो. तो श्वसनमार्गात उतरून घात करतो तो बहुधा एखाद्या विषाणूने, मायकोप्लाझ्माने (श्वसनमार्गात राहणाऱ्या एका सूक्ष्म जिवाणूने) किंवा अमोनियाने वाट मोकळी करून दिल्यावरच. पुढची सगळी तयारी ही वाट बंद ठेवण्यासाठी आहे.

जुनी बॅच गेल्यावर गादी (जमिनीवर पसरलेले तूस आणि विष्ठेचा थर) पूर्ण काढावी आणि ती शेडच्या मागे ढीग करून ठेवू नये. केळीच्या बागेसाठी या खताला गिऱ्हाईक लगेच मिळते, पण ते नेणारी ट्रॉली आधी दुसऱ्या कोणाच्या शेडवर जाऊन आलेली असते, म्हणून ती शेडच्या दारापर्यंत आणू न देता आवाराबाहेरच भरावी. शेण-धूळ खरवडून, साबणाच्या पाण्याने धुऊन आणि कोरडे होऊ देऊन मगच जंतुनाशक मारावे. घाणीवर मारलेले जंतुनाशक वाया जाते. फॉर्मेलिनची धुरी द्यायची असल्यास दर १०० घनफुटांना २० ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट आणि ४० मिली फॉर्मेलिन हे साधे प्रमाण आहे, मात्र भांड्यात परमँगनेट आधी ठेवून त्यावर फॉर्मेलिन ओतावे, उलट कधीही करू नये, आणि ओतणाऱ्याने मास्क लावून तत्काळ बाहेर पडावे. त्यानंतर शेड निदान १४ दिवस रिकामे राहावे. उंदरांची बिळे याच काळात बुजवावीत, कारण साल्मोनेला हा जिवाणू एका बॅचमधून दुसऱ्या बॅचमध्ये नेणारा हा हक्काचा वाहक आहे.

पाण्याकडे आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. टाकी आतून घासली जाते, पण निपलच्या (पिले चोचीने दाबून पाणी पितात त्या तोटीच्या) पाइपमध्ये साचलेला बुळबुळीत थर तसाच राहतो, आणि गेल्या बॅचला दिलेल्या जीवनसत्त्वांवर व गुळाच्या पाण्यावर तोच पोसलेला असतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचे द्रावण, उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात, रिकाम्या शेडमध्ये पाइपमध्ये रात्रभर ठेवून सकाळी जोराच्या पाण्याने बाहेर काढावे. बोअरचे पाणी जड आणि अल्कधर्मी असेल तर ब्लीचिंग पावडरचा परिणाम निम्माही होत नाही, म्हणून सामू (पीएच) तपासून घ्यावा आणि क्लोरीन टाकीपाशी न मोजता शेवटच्या निपलपाशी मोजावे.

हिवाळ्यातला खरा प्रश्न हवेचा आहे. खानदेशात दुपारी ऊन तापते आणि पहाटे धुळ्याचा पारा एक आकडी होतो, त्यामुळे संध्याकाळी पडदे गच्च बांधून टाकण्याचा मोह कोणालाही होतो. गादीतल्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया मग पिलांच्या उंचीवरच साचतो. तो २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भागांच्या) वर गेला की श्वासनळीतले बारीक केस, जे धूळ आणि जंतू बाहेर लोटतात, ते निकामी होऊ लागतात. पडदे खालून घट्ट आणि वरून उघडणारे असावेत आणि वरची फूटभर फट रात्रीही मोकळी ठेवावी. ऊब ब्रूडरने (पिलांना ऊब देणाऱ्या शेगडीने किंवा दिव्याने) द्यावी, पडद्याने नव्हे. शेडमध्ये रोज राबणाऱ्याचे नाक या वासाला सरावलेले असते, तेव्हा घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी पहाटे आत आणून उकिडवे बसून श्वास घ्यायला सांगावे. त्याचे डोळे चुरचुरले तर यंत्राची गरज नाही. (या परीक्षेला सुरुवातीला सगळे हसतात.) भाताचे तूस दोन-तीन इंच पसरून ते रोज हलवावे, मुठीत दाबल्यावर त्याचा गोळा होऊ लागला तर ते ओले आहे आणि निपल गळत आहेत.

लसीकरणाचा कार्यक्रम पशुवैद्यकाकडून लिहून घ्यावा. साधारणपणे मानमोडी (राणीखेत) रोगाची लासोटा लस पिले ५ ते ७ दिवसांची असताना आणि गंबोरो या विषाणुजन्य रोगाची लस १२ ते १४ दिवसांची असताना दिली जाते. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी आणि पाण्यातून द्यायची असल्यास त्याआधी एक-दोन दिवस क्लोरीन बंद करावे. एक गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते : लासोटा ही जिवंत लस असल्याने तीही श्वसनमार्गाला थोडी चाळवतेच, आणि पिलांमध्ये मायकोप्लाझ्मा असेल व हवा कोंदट असेल तर लसीनंतरच्या त्या चार दिवसांतच ई-कोलाय शिरकाव करतो. मायकोप्लाझ्मा अंड्यातूनही येत असल्यामुळे पिले ठरवतानाच मूळ कळपाची तपासणी झाली आहे का, हे हॅचरीला विचारावे.

पोटाच्या आजारांची जोडी वेगळी असते. ओल्या गादीत कॉक्सिडिया हा परजीवी वाढतो, आतड्याचे अस्तर फाडतो आणि त्या जखमेवर क्लॉस्ट्रिडियम हा जिवाणू माजतो. येथेही उपाय कोरड्या गादीचाच आहे, आणि सोबत बुरशी न लागलेल्या मक्याचा : मक्यातला ओलावा १४ टक्क्यांवर असेल तर तो साठवू नये, कारण अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाने प्रतिकारशक्तीच खालावते.

औषधांची पेटी भरून ठेवण्यापेक्षा मेलेले पक्षी प्रयोगशाळेत नेण्यासाठी बर्फाची पेटी तयार ठेवावी, असे माझे मत आहे. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिनच्या गटातली औषधे त्यावर चालतच नाहीत, आणि कोलिस्टिन हे प्रतिजैविक तर अन्नासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांत वापरायला २०१९ पासून देशात बंदी आहे. मरतूक वाढली की पहिला डोस देण्याआधीच दोन-तीन आजारी आणि ताजे मेलेले पक्षी, लस व औषधांच्या नोंदीसह, प्रयोगशाळेत पोहोचवून संवेदनशीलता चाचणी (जिवाणूवर कोणते औषध चालते ते दाखवणारी) मागावी. पण एका रात्रीत मोठी मरतूक झाली, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर पक्षी उघडू नये, हलवूही नये. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरातच आढळला होता आणि २०२१ मध्ये तो तेथे पुन्हा आला. अशा संशयाची खबर देणे प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याचा क्रमांक शेडच्या दारावर आजच रंगवून ठेवावा.