रविवारची मिस्सा आणि घरात चार पोरं

आठची मिस्सा (कॅथलिक चर्चमधली उपासना) म्हणजे घरातून साडेसातला निघायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी प्रवेशगीत संपता संपता मागच्या दारानं आत शिरणारी घरं दर रविवारी तीच. उशीर होतो तो बहुतेक वेळा तीन कारणांनी: मोज्याचा एक पाय सापडत नाही, मुलींचे केस ओले राहतात आणि तिसऱ्याच्या आंघोळीला गरम पाणी संपतं. या तिन्हींचा निकाल शनिवारी दुपारीच लावता येतो.

खालचा हिशेब सात माणसांच्या घराचा आहे: आई-वडील, आजी आणि १३, १०, ७ व ३ वर्षांची मुलं. मेथडिस्ट किंवा इतर प्रॉटेस्टंट मंडळींत उपासना उशिरा सुरू होत असेल तर वेळा पुढे सरकवा, क्रम तोच ठेवा.

शनिवार दुपार: कपडे आणि केस

शनिवारी सकाळची शाळा असते, पोरं दुपारपर्यंत घरी येतात. दप्तर टाकायच्या आधी युनिफॉर्म बादलीत गेला पाहिजे. एकदा तो खाटेवर पडला की रविवारी संध्याकाळीच आठवतो. पांढरे कपडे आणि मोजे एका बादलीत, रंगीत दुसऱ्या. मोज्यांची जोडी धुण्याआधीच सेफ्टी पिननं अडकवून टाकायची आणि वाळून घडी होईपर्यंत पिन काढायची नाही. चार मुलांच्या घरात मोजे हरवतात ते धुताना आणि दोरीवरून काढताना, घालताना नव्हे.

जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूर पट्ट्यात कपडे उन्हात वाळतील ही आशाच धरू नये. कुबट वास येतो तो कापड दिवसभर ओलं राहिल्यानं, आणि साबण कपड्यात उरला असेल तर जास्तच. म्हणून पावसाळ्यात पावडर नेहमीपेक्षा कमी घ्या, एक खळबळणं जादा करा आणि मशीन असेल तर पिळण्याचा फेरा दोनदा लावा. घरात पंख्याखाली दोरी बांधून दोन कपड्यांत वीतभर जागा सोडा. पँट उलटी करून खिसे बाहेर काढून कमरेकडून टांगायची, कारण सगळ्यात शेवटी वाळतात ते खिसे आणि कमरपट्टी. इस्त्री केलेला कपडा गरम असताना कपाटात ठेवू नका. आतली वाफ बाहेर पडायला अर्धा तास हँगरवर राहू द्या, नाहीतर सगळी मेहनत वाया जाते.

ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन-तीन तासांनी बदला. तोच बोळा रात्रभर ठेवला तर ओल आतच राहते. बूट चुलीजवळ किंवा बंबाला टेकवून वाळवले तर तळव्याचा गोंद सुटतो, मग सोमवारी शाळेच्या वाटेवर बूट तोंड उघडतो.

मुलींचे केस शनिवारी तीनच्या आत धुऊन व्हावेत. लांब केस दमट हवेत पंख्याखालीही वाळायला तीन-चार तास घेतात. केस ओले आहेत तोवरच बारीक फणीनं उवा बघून घ्या. चार पोरं एका खोलीत झोपत असतील तर एकीच्या डोक्यातली ऊ आठवड्याभरात सगळ्यांकडे पोचते, त्यामुळे सापडली तर मुलगेही तपासायचे.

संध्याकाळी प्रत्येकाच्या नावाचा एक हँगर भरा: वरचे कपडे, आतले कपडे, रुमाल, खिशात गुंडाळलेले मोजे. खाली बूट. मोठ्याचे कपडे धाकट्याकडे आले असतील तर ते शनिवारीच अंगावर घालून बघा. तुटलेलं बटण रविवारी सव्वासातला दिसलं तर उपयोग नाही. ही तपासणी १३ वर्षांच्या मुलाकडे द्यावी. मुलगा असला तरी. थोरल्या मुलीनंच हे करावं असा बऱ्याच घरांत अलिखित कायदा असतो, तो मोडायला ही जागा चांगली आहे.

रात्री वाटण

रविवारी मटण असेल तर वाटण शनिवारी रात्रीच करून ठेवा. सव्वा किलो मटणाला चार मध्यम कांदे, अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं, एक गड्डा लसूण, दोन इंच आलं, दोन मोठे चमचे धने, एक चमचा खसखस, चार लवंगा, दालचिनीचे दोन तुकडे, आठ-दहा मिरी. मिरच्या दोन जातींच्या घ्या: रंगाला दहा ब्याडगी, तिखटाला तीन संकेश्वरी. मोठ्यांचंच घर असेल तर संकेश्वरी सहापर्यंत चालते.

कांदा तेलात पूर्ण तांबूस व्हायला हवा. पांढरा, पाणी सुटलेला कांदा राहिला की वाटण सकाळपर्यंत आंबूस लागतं. ओल्या नारळाचंही तेच होतं, म्हणून रात्रीच्या वाटणाला सुकं खोबरंच. वाटताना पाणी जेमतेम घाला, पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

पाण्याचं गणित

१५ लिटरचा गीझर एकदा तापला की जेमतेम दोन बादल्या कोमट पाणी होतं आणि पुन्हा तापायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. सात जणांच्या आंघोळी सकाळी एकापाठोपाठ होणारच नाहीत. १३ आणि १० वर्षांच्यांनी शनिवारी रात्री आंघोळ करावी, सकाळी फक्त तोंड-हातपाय. सकाळी पावणेसहाला आजी आणि आई, सव्वासहाला वडील आणि ७ वर्षांचा, पावणेसातला उरलेल्या पाण्यात सगळ्यात धाकटं. त्याला आधी आंघोळ घातली तर निघेपर्यंत कपडे पुन्हा मळतात. तुमच्या गल्लीत नळाला पाणी काही दिवसांआड येत असेल तर पाण्याची पाळी बघूनच शनिवारचं धुणं ठरवा. बॅरल तळाला गेलेलं असताना केस आणि युनिफॉर्म एकाच दिवशी काढू नका.

सकाळी काय खायचं

कॅथलिक घरांत मुलांना उपाशी नेण्याची सवय अजून दिसते. नियम तेवढा कडक नाही. उपास कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सेत प्रभूभोजनाची भाकर घेण्याच्या, आधी एक तासाचा, मिस्सेच्या आधीचा नव्हे. पाणी आणि औषध चालतं. आजारी आणि वयस्कर माणसांना या तासाचं बंधन नाही, त्यामुळे साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या आजीला उपाशी ठेवायचं कारण नाही. आठच्या मिस्सेत कम्युनियन साधारण आठ चाळीसच्या सुमारास येतं, म्हणजे साडेसातपर्यंत खाता येतं. पहिलं कम्युनियन न झालेल्या मुलांचा तर प्रश्नच नाही. पावणेसातला एक केळं आणि कपभर दूध दिलं की प्रवचनाच्या मध्यावर होणारी चुळबुळ निम्मी होते. चिवडा, बिस्किटं नकोत, त्यानं तहान लागते आणि मग सगळं लक्ष बाटलीवर.

जाणं आणि बसणं

एका दुचाकीवर चार पोरं घालणं धोक्याचं, आणि दोन फेऱ्या मारल्या तर पहिली तुकडी चर्चच्या आवारात मोकाट असते. बस सोयीची असेल तर ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत आई, आजी आणि मुलींचा साध्या बसचा प्रवास फुकट आहे. त्यासाठी कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र हातात ठेवा. चंदगडकडून शिकायला आलेल्या भाचीचा आधार महाराष्ट्राचा असेल तर तिचं तिकीट काढावं लागतं. मुलग्यांचंही.

बाकावर मोठा माणूस, मूल, मोठा माणूस, मूल असं बसा. भांडणारी जोडी शेजारी नको. लहान मुलांना घेऊन शेवटच्या बाकावर बसणं सोयीचं वाटतं, पण तिथून त्यांना पुढच्यांच्या पाठीच दिसतात. बाजूच्या दाराजवळची, पुढच्या एक तृतीयांशातली जागा बघा: वेदी दिसते आणि रडं आलं तर बाहेरही पडता येतं. पिशवीत पाणी, एक पंचा, धाकट्याचा जादा कपड्यांचा जोड. कुरकुरणारं पाकीट अजिबात नको.

दानाचे पैसे घरातून निघतानाच द्या आणि नाणी देऊ नका. हातातून निसटलेलं पाच रुपयांचं नाणं फरशीवर पडतं, बाकांखालून घरंगळत तीन रांगा पुढे जातं आणि त्याच्यामागे तुमचा ७ वर्षांचाही जातो. दहाची नोट चार घड्या करून खिशात.

परतल्यावर

मिस्सेनंतर मोठी तिघं धर्मशिक्षणाच्या वर्गात असतात, तेवढ्या वेळात एकानं धाकट्याला घेऊन मटण आणावं. नऊ ते अकरा दुकानात गर्दी असते, म्हणून शनिवारी संध्याकाळीच सांगून ठेवा.

मटणाला एक चमचा हळद, दोन चमचे मीठ आणि दोन मोठे चमचे आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण लावून दोन चमचे तेलावर दहा मिनिटं परता. दीड लिटर गरम पाणी घालून पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग वीस मिनिटं बारीक. झाकण उघडल्यावर तिखट पडायच्या आधी चार वाट्या अळणी (तिखट-मसाल्याविनाचा रस्सा) बाजूला काढा. ७ आणि ३ वर्षांच्यांना आणि आजीला हेच भाताबरोबर. मग पातेल्यात तेल तापवून रात्रीचं वाटण तेल सुटेपर्यंत परता, मटण घाला आणि पातळ करायला कढत पाणीच वापरा. गार पाण्यानं चव बसते आणि तर्री वर येत नाही. किलोभर ज्वारीच्या पिठाच्या दहा-बारा भाकऱ्या होतात, सात जणांना भाताबरोबर पुरतात.

संध्याकाळची प्रार्थना

जेवणाआधी. जेवल्यावर धाकटं झोपतं आणि मोठ्यांना गृहपाठ आठवतो. साडेसातची वेळ धरली तर सात पंचविसाला टीव्ही आणि मोबाइल बंद करून मुलांना बसवा. चालू मालिकेतून ओढून आणलेलं मूल प्रार्थनेवर राग काढतं.

पूर्ण माळ (रोझरी) वीस मिनिटांची. दहा-दहा 'नमो मारिया'ची पाच दशकं, म्हणजे चार मुलांना एकेक आणि पाचवं आजीचं. ३ वर्षांच्याचं दशक पहिलं: त्यानं प्रत्येक 'नमो मारिया'ची फक्त सुरुवात करायची, पुढचं सगळ्यांनी म्हणायचं. ते झालं की त्याला तिथेच चटईवर खेळू द्या, चार-पाच मिनिटांपलीकडे त्याच्याकडून काही मागू नका. पुढाकार कुणी घ्यायचा यावर रोज वाद होतो, म्हणून वारांचा कागद भिंतीला लावा. त्यावरच त्या त्या वाराची रहस्यंही (माळ म्हणताना मनात आणायचे येशू-मारियेच्या आयुष्यातले प्रसंग) लिहा: सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, गुरुवारी प्रकाशाची, बुधवार-रविवार गौरवाची. मेणबत्ती मोठ्यांनीच लावायची.

जिथे माळ नाही तिथे बायबलची आठ-दहा वचनं पुरतात. खरी अडचण भाषेची असते. घरात मराठी, शाळेत इंग्रजी किंवा कन्नड, चर्चमध्ये कधी कोंकणी. इंग्रजी माध्यमाचं मूल देवनागरी अडखळत वाचतं, भावंडं हसतात आणि पुढच्या आठवड्यापासून ते वाचायलाच उठत नाही. त्याची दोन वचनं दुपारीच नेमून द्या आणि आजीसमोर एकदा वाचून घ्या. सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना मराठीत ठेवा, नाहीतर आजी गप्प बसते. स्वतःच्या मनचं मागणं मुलानं ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत मागावं.

पहिल्या कम्युनियनच्या वर्गाला मूल बसवण्याआधी पाठांतर कोणत्या भाषेत घेणार हे सिस्टरना विचारून घ्या. घरी मराठीत तयार झालेलं मूल वर्गात इंग्रजीत प्रश्न आला की गोंधळतं. आई मेथडिस्ट घरातली आणि वडील कॅथलिक असतील तर प्रभूच्या प्रार्थनेचा एकच पाठ ठरवा. कॅथलिक म्हणतात तेव्हा ती 'वाइटापासून सोडव' इथे थांबते, प्रॉटेस्टंट पुढे 'राज्य, पराक्रम व गौरव' म्हणतात, आणि मूल नेमकं भर चर्चमध्ये एकटंच पुढे जातं.

उपवासकाळातले शुक्रवार

राखेच्या बुधवारी (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडेला एकच पूर्ण जेवण, हा नियम १८ ते ५९ वयाचा. मांस न खाण्याचं बंधन १४ पूर्ण झाल्यावर लागतं. म्हणजे वरच्या घरात चौघांपैकी कुणालाच सक्ती नाही. तरी घरात मटण शिजत नसतं म्हणून तीही खात नाहीत, तेवढं पुरे. अंडं, मासे, दूध चालतं, त्यामुळे शाळेत मिळणारं अंडं परत पाठवायला सांगू नका. डब्याला भाकरी आणि झुणका, नाहीतर अंड्याची पोळी.

क्रुसाच्या वाटेची (येशूच्या दुःखसहनाची टप्प्याटप्प्यानं केलेली प्रार्थना) १४ स्थानं असतात आणि तो काळ नेमका परीक्षांचा. १३ वर्षांच्याला एक शुक्रवार आड पाठवलं तरी चालेल, पण जाईल त्या दिवशी एखादं स्थान वाचायला मागून घ्या, मग तो आपणहून जातो. गुड फ्रायडेची उपासना बहुतेक ठिकाणी दुपारी तीनच्या सुमारास, ऐन उन्हात असते आणि लांबते. धाकट्याला एक ते अडीच झोपवूनच न्या, पाण्याच्या दोन बाटल्या घ्या आणि त्याच्या खिशात गुळाचा खडा ठेवा. त्याला उपास नाही.