सणाच्या भेटवस्तू छोट्या व्यावसायिकांकडून घेताना

हाताने बनवणाऱ्याकडे तयार माल थोडाच असतो, म्हणून ऑर्डर सणाच्या 4 ते 6 आठवडे आधी द्या. नाव कोरायचं असेल तर आणखी आठवडाभर धरा. ग्लेझ (चकचकीत मुलामा) दिलेली मातीची भांडी वाळून, साधारण दोनदा भाजून निघतात; भट्टीत एखादं तडकलं तर पुन्हा पहिल्यापासून. थंड प्रक्रियेच्या (बाहेरून उष्णता देऊन न शिजवलेल्या) साबणालाही मुरायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. घाई केली तर तो ओलसर राहतो आणि लवकर विरघळतो.

ऑर्डर देताना माप, रंग, नावाचं स्पेलिंग आणि पोहोचण्याची तारीख एकाच मेसेजमध्ये लिहून पाठवा. फोनवर ठरलेलं हमखास विसरलं जातं. फोटोतला रंग प्रत्यक्षात थोडा वेगळा निघतो, तेव्हा दिवसाच्या उजेडातला फोटो मागवा.

नगांची संख्या जास्त असेल तर आधी एक नमुना पैसे देऊन घ्या. फुकट मागू नका. नाव कोरलेली वस्तू सहसा परत घेत नाहीत, त्यामुळे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी फुटतुटीची जबाबदारी कोणाची ते विचारा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.