क्रशरच्या कचेत मेथी: मंगळावरच्या शेतीची नाशकातली रंगीत तालीम

माणूस मंगळावर राहील का, ही चर्चा बहुतेक वेळा रॉकेटपाशीच अडकते. तिथे पोचल्यावर खायचं काय, हे मात्र नाशकातल्या गच्चीवर बऱ्यापैकी तपासून बघता येतं. मंगळाचा बहुतांश पृष्ठभाग बेसाल्टचा आहे आणि आपल्या पायाखालचा काळा पाषाणही बेसाल्टच. नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन विद्यापीठाने २०१३ मध्ये मंगळासारख्या मातीत पिकं वाढवून पाहिली, त्यासाठी हवाई बेटावरच्या ज्वालामुखीचं साहित्य वापरलं. आपल्याकडे सारूळ-विल्होळीच्या बाजूला खडी क्रशरवर तशाच जातीच्या दगडाची कच, म्हणजे खडी फोडताना पडणारा बारीक चुरा, मिळते. तिच्यातच कुंड्यांत मेथी लावून बघू.

कच वीस किलो घ्या. क्रश सँड नको, ती बहुधा धुतलेली असते आणि बारीक भाग निघून गेलेला असतो. मशीनजवळच्या ढिगातली घेऊ नका, तिथे डिझेल-ग्रीस सांडलेलं असतं. चाळताना मास्क लावा आणि कामानंतर जागा ओल्या फडक्याने पुसा, ही धूळ फुप्फुसाला वाईट.

आधी गव्हाच्या चाळणीने मोठे खडे काढा, मग उरलेली कच मैद्याच्या चाळणीतून घाला. खाली पडलेलं पीठ वेगळं ठेवा आणि वरच्या रवाळ भागात साधारण चार वाट्यांना एक वाटी इतकंच परत मिसळा. सगळं पीठ ठेवलं तर पहिल्या पाण्यालाच वर पापडी धरते, मुळांना हवा मिळत नाही आणि मेथीचे कोंब पापडीखाली वाकडे होऊन मरतात. सेंद्रिय काहीच नसल्यामुळे या कणांना एकत्र धरून भुसभुशीत ठेवणारं आत काही नसतं.

सामू (पीएच) तपासा: २० ग्रॅम कच, ५० मिलि डिस्टिल्ड पाणी, ढवळून अर्धा तास थांबा. आकडा बहुधा ८ च्या वरच येईल. नासाच्या फीनिक्स यानाने २००८ मध्ये मंगळावर ७.७ मोजला होता, म्हणजे आपली कच थोडी जास्तच अल्कधर्मी, पण जवळपासची. ईसी-पीएच मीटर (ईसी म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता, तिच्यावरून क्षार किती ते कळतं; इथले आकडे mS/cm मध्ये) नसेल तर द्राक्षबागायतदार मित्र शोधा, बहुतेकांकडे असतो.

पाच इंची पंधरा कुंड्या, प्रत्येकीत एक किलो, पाच प्रकार, प्रत्येकी तीन. पहिल्यात नुसती कच. दुसऱ्यात कच आणि आठवड्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत), लिटरला १ ग्रॅम. तिसऱ्यात कचेत १५० ग्रॅम गांडूळखत. चौथ्यात कचेत ५ ग्रॅम साधं मीठ, नंतर धुऊन दुसऱ्यासारखंच खत. पाचव्यात बागेतली माती, तुलनेसाठी.

चौथा प्रकार सगळ्यांत महत्त्वाचा. फीनिक्सलाच मंगळाच्या मातीत सुमारे अर्धा टक्का पर्क्लोरेट (क्लोरीन आणि ऑक्सिजनचा एक क्षार) सापडलं. ते थायरॉइडला घातक, आणि फटाके-स्फोटकांत वापरतात, त्यामुळे घरी आणायचा विचारही करू नका. पण ते मिठासारखंच पाण्यात सहज विरघळतं, म्हणून इथे त्याच्या जागी मीठ. मीठ कोरड्या कचेत नीट मिसळा, कुंडीत भरा आणि दर वेळी ३०० मिलि पाणी वरून सावकाश ओतून खाली बशीत जमा करा. पहिल्या निचऱ्याची ईसी २० च्या पुढे जाते आणि साधा मीटर तिथेच हात टेकतो. म्हणून निचरा आरओच्या पाण्यात दहापट पातळ करा, मोजा, मग दहाने गुणा. निचऱ्याची ईसी १ च्या खाली येईपर्यंत धुवा आणि पाणी किती लागलं ते लिहून ठेवा. बोअरचं क्षारयुक्त पाणी वापरलं तर ती १ च्या खाली बहुधा येणारच नाही.

आता हिशेब. एक चौरस मीटर वाफा २० सेंमी खोल धरला तर त्यात साधारण ३०० किलो कच मावते. अर्धा टक्का म्हणजे त्यात दीड किलो पर्क्लोरेट. किलोला दीड लिटर पाणी लागलं असं धरा, तर एका वाफ्याला ४५० लिटर. मंगळावर ते पाणी बर्फ खणून, वितळवून मिळवायचं आणि निचरा फेकायचा नाही, पर्क्लोरेट काढून परत वापरायचा. आमच्या मते तिथल्या शेतीचा खरा खर्च हा आहे, दगडाचा नाही.

पेरणी नोव्हेंबर ते जानेवारी. निफाडचा पारा ५ अंशांवर आला की आपल्याकडे बातमी होते, मंगळाची सरासरी उणे ६३ आहे. त्यामुळे थंडीची नक्कल करत बसू नका, तिथेही शेती गरम, बंद घरातच होणार. उजेडाची नक्कल मात्र जमते: मंगळापर्यंत पृथ्वीच्या ४३ टक्के ऊन पोचतं, म्हणून कुंड्या ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली ठेवा. हवेचा दाब आणि गुरुत्वाकर्षण आपल्या हातात नाही.

प्रत्येक कुंडीत वीस दाणे, एक सेंमी खोल, वर ओलं गोणपाट. कोंब दिसताच गोणपाट काढा. पाणी वरूनच द्या. बशीत भरून खालून दिलं तर उरलेले क्षार वर चढतात आणि चौथ्या प्रकारच्या कुंड्यांवर पांढरी साय येते.

पहिल्या प्रकारातली मेथी दोन-तीन पानांपर्यंत छान दिसेल, फसू नका. ती दाण्यातल्या शिदोरीवर वाढलेली असते. मग जुनी पानं पिवळी पडतात: नत्र नाही. दगडात नत्र जवळजवळ नसतंच, आणि मंगळाच्या हवेतही ते तीनेक टक्केच, तेही पृथ्वीच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी दाबाच्या हवेत. नवीन पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. लोहाने भरलेल्या दगडात लोह कमी पडतं, कारण वाढलेल्या सामूत ते मुळांना उचलता येत नाही. लिटरला २ ग्रॅम फेरस सल्फेट आणि अर्धा ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी फवारा.

नुसत्या कचेच्या एका कुंडीत रायझोबियम (मुळांवरच्या गाठींत राहून हवेतलं नत्र बांधणारे जिवाणू) लावलेलं बी पेरा. पाकीट मेथी-लसूण घास गटाचंच हवं, सोयाबीनचं चालत नाही. गुळाच्या पाण्यात कालवून दाण्यांना चोळा, सावलीत सुकवा. या कुंडीला नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवूनच द्या, क्लोरीन जिवाणूंना मारतं. चार आठवड्यांनी एक रोप मुळासकट उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी असेल तर नत्र बांधलं जातंय, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

पस्तिसाव्या दिवशी सगळी रोपं कापा, सावलीत वाळवा, प्रकारवार वजन करा. ही मेथी खाऊ नका. मुळं कुंडीतच राहू द्या, पाणी चालू ठेवा आणि तीन आठवड्यांनी त्याच कचेत दुसरी पेरणी करा. गांडूळखताच्या एका कुंडीत या वेळी चार गांडुळं सोडा. वागेनिंगेनला २०१७ मध्ये मंगळाच्या नकली मातीत गांडुळांची पिल्लं सापडली होती, पण तिथे डुकराच्या शेणाचा काला घातलेला होता, म्हणून आपल्याकडे वरून मूठभर कुजलेलं शेणखत टाकायला विसरू नका.