मराठीत आणलेली व्यक्तिमत्त्व प्रश्नावली कशी तपासावी

'क्रॉनबाख अल्फा 0.82 आला, म्हणून प्रश्नावली विश्वसनीय व सप्रमाण आहे' हे वाक्य प्रबंधांमध्ये सर्रास दिसतं. 'विश्वसनीय' म्हणजे सुसंगत, भरवशाचे गुण देणारी, आणि 'सप्रमाण' म्हणजे जे मोजायचं तेच मोजणारी. त्यातला 'सप्रमाण' हा शब्द फुकटात घुसलेला असतो. विधानं एकमेकांशी जुळून आहेत, एवढंच अल्फा सांगतो. ती नेमकं काय मोजतात, हे वेगळं तपासावं लागतं.

उदाहरणादाखल मानसशास्त्रज्ञ लुईस गोल्डबर्ग यांच्या 'आयपिप' (IPIP) या व्यक्तिमत्त्व-विधानांच्या संग्रहातली 50 विधानांची प्रश्नावली घेऊ. ती कोणालाही विनापरवानगी, विनामूल्य वापरता येते. पाच गुणघटक (बहिर्मुखतेसारखे स्वभावाचे पैलू), प्रत्येकी 10 विधानं, उत्तरं 1 ते 5.

सगळ्यात जास्त वेळ भाषांतराला द्या, कारण इथली चूक पुढे कुठल्याही सूत्राने निघत नाही. 'वस्तू कुठेही टाकतो' असं लिहिलं तर बाईने काय समजायचं? मराठी क्रियापद लिंग सांगतं. 'माझ्या वस्तू इकडेतिकडे पडलेल्या असतात' असं लिहिलं की अडचण मिटते. 'मी वस्तू जागेवर ठेवत नाही' हेही टाळा: 'नाही'च्या पुढे 'असहमत'वर खूण करताना भलेभले गोंधळतात. दोघांकडून स्वतंत्र भाषांतर करून घ्या आणि मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्याकडून ते उलट इंग्रजीत करून घ्या. मग आठ-दहा जणांना समोर बसवून प्रत्येक विधानाचा अर्थ त्यांच्या शब्दांत सांगायला लावा.

आशय सप्रमाणतेसाठी, म्हणजे विधानं विषयाला धरून आहेत का हे पाहण्यासाठी, तज्ज्ञांना प्रत्येक विधान 'अत्यावश्यक' आहे का ते विचारा. लॉशे यांचं 1975 चं सूत्र सोपं आहे: 'हो' म्हणणाऱ्यांच्या संख्येतून एकूण तज्ज्ञांची निम्मी संख्या वजा करा, उरलेल्याला त्याच निम्म्या संख्येने भागा. दहापैकी आठ जण 'हो' म्हणाले तर 0.60 येतो, आणि दहा तज्ज्ञांसाठी किमान मर्यादा 0.62 आहे. म्हणजे नऊ जण हवेतच.

आता माहिती गोळा करा. घटक विश्लेषण (कोणती विधानं एकत्र गट करतात ते शोधणं) करायचं असेल तर 300 जणांच्या खाली जाऊ नका. सगळीकडे '3'वर खूण केलेल्या प्रश्नावल्या आधी बाजूला काढा. उलट अर्थाच्या विधानांचे गुण 6 मधून वजा करून फिरवा. हे विसरलं की अल्फा कोसळतो, कधी ऋणही येतो. एखाद्या विधानाचा त्याच गुणघटकातल्या उरलेल्या विधानांच्या बेरजेशी सहसंबंध (दोन्ही किती सोबत वर-खाली होतात ते सांगणारा -1 ते 1 मधला आकडा) ऋण दिसला, तर आधी हीच चूक शोधा. 0.30 पेक्षा कमी असेल तर ते विधान पुन्हा वाचा, पण लगेच काढू नका.

अल्फा प्रत्येक गुणघटकाचा वेगळा काढायचा. पन्नासही विधानांचा एकत्र अल्फा निरर्थक आहे, कारण तिथे पाच वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय विधानांची संख्या वाढवली की अल्फा आपोआप चढतो: सरासरी सहसंबंध 0.20 असेल तर 10 विधानांना 0.71 आणि 20 विधानांना 0.83. त्यामुळे 0.95 पाहून हुरळू नका. बहुधा एकच वाक्य शब्द बदलून पुन्हा पुन्हा विचारलेलं असतं.

पुनर्कसोटीसाठी त्यातल्याच 80-100 जणांना दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा बोलवा. अंतर कमी असेल तर आधीची उत्तरं आठवतात, फार जास्त असेल तर माणूसच बदललेला असू शकतो. नावं न घेता जोड्या लावायला सांकेतिक खूण वापरा: आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं आणि स्वतःची जन्मतारीख, फक्त दिवस. पहिल्या फेरीतच ती घेतली नाही तर जोड्या लागतच नाहीत.

रचना सप्रमाणता, म्हणजे प्रश्नावली खरंच तोच स्वभावगुण मोजते का हे पाहणं, हे खरं काम. घटक किती ठेवायचे हे 'आयगेनमूल्य (घटक उत्तरांतला किती फरक सामावतो त्याचं माप) 1 पेक्षा जास्त' या नियमाने ठरवू नका, त्याने घटक फुगतात. जामोवी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये समांतर विश्लेषण (आपल्या आयगेनमूल्यांची यादृच्छिक आकड्यांच्या आयगेनमूल्यांशी तुलना) मिळतं, ते वापरा. उलट विधानांचाच वेगळा घटक बनला तर तो स्वभावाचा नसून वाक्यरचनेचा आहे, असं समजा. मग बाहेरचा पुरावा आणा: बहिर्मुखतेचे गुण जवळच्या मित्राने दिलेल्या गुणांशी जुळतात का? आणि चांगलं दिसण्यासाठी दिलेल्या उत्तरांच्या मापनश्रेणीशी ते फार जुळत तर नाहीत ना? हा दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत.

इथे विश्वसनीयतेची मर्यादा आड येते. तुमच्या मापाची विश्वसनीयता 0.70 आणि निकषाची (ज्याच्याशी ताडून पाहता त्या बाहेरच्या मापाची, जसे मित्राने दिलेले गुण) 0.80 असेल, तर त्यांच्यातला सहसंबंध सुमारे 0.75 च्या वर जाण्याची अपेक्षाच धरता येत नाही.

एकेका माणसाला गुण सांगणार असाल तर मापनाची प्रमाण त्रुटीही काढा: प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते) गुणिले (1 वजा विश्वसनीयता) चं वर्गमूळ. विचलन 6 आणि विश्वसनीयता 0.84 असेल तर त्रुटी 2.4. म्हणजे दोन्ही बाजूंना त्रुटीच्या सुमारे दुप्पट धरून 32 गुण मिळालेल्याला '27 ते 37 च्या दरम्यान' असं सांगा, आणि 30 वाल्यापेक्षा तो जास्त बहिर्मुख आहे असं म्हणू नका.